पहारेकऱ्याचा पगार: एका मानवाधिकार आयोगाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा

२३ मे २०१६ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका कार्यालयातून प्रसिद्धिपत्रक निघालं. त्या कार्यालयातून अशी पत्रकं आठवड्याला तीन-चार निघतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. अमुक देशात पत्रकाराचा खून झाला, तमुक तुरुंगात कैदी दगावले, सरकारने तातडीने चौकशी करावी. या पत्रकात मात्र कुठलंच सरकार आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग स्वतःविषयीच सांगत होता, की आमच्याकडचे पैसे संपत आलेत. ३१ जुलैला ४० टक्के कर्मचाऱ्यांचे करार संपतात, ते वाढवायला पैसे नाहीत आणि येतील अशी चिन्हंही नाहीत. जुलै आणि ऑक्टोबरची सत्रं स्थगित. वर्षभरात ठरलेल्या देशभेटीही स्थगित.

छोट्या सामाजिक संस्थांच्या विश्वस्तांची शिबिरं मी अधूनमधून घेते. तिथे हे प्रकरण हमखास काढते. सुरुवातीला लोकांना वाटतं, कुठे तो वॉशिंग्टनचा आयोग आणि कुठे आपली तालुक्याची संस्था. अर्ध्या तासात सूर बदलतो. पैसे कमी पडतायत हे कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, आणि लोकांचा पाठिंबा असूनही पगार का होत नाही, हे प्रश्न आकार कितीही असला तरी तेच राहतात. व्यक्तींची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. या गोष्टीत कोण कुठल्या खुर्चीवर होतं एवढं कळलं की पुरे.

पार्श्वभूमी

अमेरिका खंडातल्या देशांची ओएएस नावाची संघटना आहे. २०१६ मध्ये तिचे सदस्य ३५ होते. या संघटनेने १९५९ मध्ये चिलीतल्या सँतियागोच्या बैठकीत मानवाधिकार आयोग स्थापन करायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी तो कामाला लागला. आयोगावर सात सदस्य, म्हणजे आयुक्त, असतात. त्यांना सदस्य देश निवडून देतात, पण निवडून आल्यावर ते आपल्या देशाचे प्रतिनिधी राहत नाहीत. ते वर्षभर वॉशिंग्टनला बसून नसतात. सत्रापुरते येतात, एरवी आपापल्या देशात वकिली किंवा अध्यापन करतात. रोजचं काम सचिवालयातले वकील ओढतात. तक्रारी वाचणं, सरकारांना पत्रं लिहिणं, जिवाला धोका असलेल्या माणसासाठी रातोरात संरक्षणाचा आदेश तयार करणं, हे सगळं त्यांच्याकडे. म्हणून '४० टक्के कर्मचारी' हा आकडा वाटतो त्याहून भीषण आहे. तिथे कारकुनी कमी करून वकील वाचवता येतील, अशी सोयच नाही.

१९७९ पासून कोस्टारिकातल्या सान होसेला या व्यवस्थेचं न्यायालयही आहे. पण त्याची दारं सगळ्यांना उघडी नाहीत. ते ज्या मानवाधिकारांच्या करारावर उभं आहे, त्यावर अमेरिकेने १९७७ मध्ये सही केली, मंजुरी मात्र आजतागायत दिलेली नाही. कॅनडाने तर सहीसुद्धा केली नाही. त्यामुळे टेक्सासमधला मृत्युदंडाचा कैदी असो की ब्रिटिश कोलंबियातली बेपत्ता आदिवासी मुलगी, या दोन देशांतल्या लोकांना या व्यवस्थेत आयोगाखेरीज दुसरं दार नाही.

सुनावणी कशी असते तेही सांगते, कारण पुढे तिचं महत्त्व कळेल. एफ स्ट्रीटवरच्या ओएएसच्या इमारतीत रुबेन दारिओ या कवीच्या नावाचं एक दालन आहे. मध्ये आयुक्त, एका बाजूला तक्रारदार, दुसऱ्या बाजूला सरकारचे प्रतिनिधी. साधारण तासाभराचा खेळ. त्या तासात एखादी आई मुलाचा फोटो समोर ठेवून बोलते आणि ज्या सरकारने तिला दहा वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्याही चढू दिल्या नाहीत, त्याच सरकारच्या राजदूताला ते समोर बसून ऐकावं लागतं. निकाल काय लागायचा तो लागो. पुष्कळ जणांसाठी तो एक तासच अर्धा न्याय असतो.

या आयोगाला खंडभर जी पत मिळाली ती मुख्यतः एका भेटीमुळे. सप्टेंबर १९७९. अर्जेंटिनात लष्करशाही. आयोगाचे सदस्य ब्वेनोस आयरेसला उतरले आणि आवेनिदा दे मायो या हमरस्त्यावरच्या ओएएसच्या कार्यालयात बसून तक्रारी घ्यायला लागले. बाहेर रांग लागली. बेपत्ता झालेल्यांच्या आया, बायका, भावंडं. नेमकं ७ सप्टेंबरला तिकडे टोकियोत मॅराडोनाच्या युवा संघाने सोव्हिएत संघाला ३-१ हरवून जगज्जेतेपद मिळवलं. आनंद साजरा करायला लोकांनी याच हमरस्त्यावर यावं असं आवाहन रेडिओवरून झालं, म्हणजे परदेशी पाहुण्यांना अर्जेंटिनाचा 'खरा चेहरा' दिसेल. गाड्यांच्या काचांवर सरकारी चिकटपट्ट्या होत्या, 'आम्ही अर्जेंटिनावासी सरळ आणि माणुसकीचे'. मूळ स्पॅनिशमध्ये तो 'मानवी हक्क' या शब्दांवरचाच कुत्सित श्लेष होता. एकीकडे झेंडे नाचवणारा जमाव, दुसरीकडे हातात फोटो धरलेली रांग. रांग मोडली नाही. त्या भेटीत ५,५८० तक्रारी नोंदल्या गेल्या. पुढच्या वर्षी अहवाल निघाला आणि 'बेपत्ता वगैरे कुणी नाहीच' हे सरकारचं पालुपद जगात कुणी मानेनासं झालं.

दुसरं उदाहरण घरातल्या हिंसेचं आहे. ब्राझीलमधल्या एका औषधशास्त्रज्ञ बाईंवर १९८३ मध्ये नवऱ्याने गोळी झाडली, त्या कायमच्या अपंग झाल्या. देशातल्या न्यायालयांत खटला वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. १९९८ मध्ये प्रकरण आयोगाकडे आलं. २००१ मध्ये आयोगाने ब्राझीलला दोषी धरलं आणि २००६ मध्ये तिथे कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा झाला. तो त्या बाईंच्या नावानेच ओळखला जातो, मारिया दा पेन्हा कायदा.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. युरोपला असं न्यायालय आहे, आफ्रिकेला गांबियातल्या बांजुलमध्ये आयोग आहे, आग्नेय आशियातल्या देशांनीही २००९ मध्ये, फारसे दात नसलेला का होईना, एक आयोग केला. दक्षिण आशियात काहीच नाही. मुंबईतला आपला राज्य मानवी हक्क आयोग आणि दिल्लीतला राष्ट्रीय आयोग हे १९९३ च्या कायद्याखाली आहेत. त्यांचा पैसा अनुक्रमे राज्य आणि केंद्र सरकारच्या अनुदानातून येतो. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच पगार द्यायचा, हा पेच आपल्याही ओळखीचा आहे. सीमेपलीकडे जाऊन दाद मागायचं दार मात्र आपल्याकडे नाही.

पेच काय होता

वरवर पाहिलं तर कारण सोपं होतं. आयोगाच्या पैशाचे दोन झरे होते. एक, ओएएसच्या नियमित निधीतून मिळणारी तरतूद. दुसरा, स्वेच्छा देणग्या. त्यात युरोपीय देशांचा वाटा मोठा. २०१५ मध्ये युरोपच्या किनाऱ्यावर निर्वासितांचे लोंढे आले, तिथल्या सरकारांनी मदतीचा पैसा तिकडे वळवला आणि दुसरा झरा आटला.

पण हे कारण म्हणजे शेवटची काडी. खरं दुखणं पहिल्या झऱ्यात होतं. ओएएस आपल्या नियमित निधीतला जेमतेम ६ टक्के हिस्सा आयोगाला देत होती, म्हणजे ५० लाख डॉलरच्या आसपास. खंडाची लोकसंख्या शंभर कोटींच्या घरात. माणशी अर्धा सेंट. त्याच पत्रकात आयोगाने युरोप परिषदेचा, म्हणजे युरोपीय देशांच्या अशाच संघटनेचा, आकडा शेजारी ठेवला होता: तिथे अंदाजपत्रकाचा ४१.५ टक्के भाग मानवाधिकारांसाठी जातो. दोन आकडे एकाखाली एक लिहिले की पुढे बोलायची गरज उरत नाही.

आता ६ टक्केच का? ओएएसचा स्वतःचाच खिसा फाटका होता हे खरं. सदस्य देशांच्या वर्गण्या वर्षानुवर्षं गोठलेल्या, त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या अमेरिकेचा, आणि काही देश वर्गणी थकवून बसलेले. पण सगळा दोष गरिबीवर टाकता येत नाही. २००१ मध्ये क्यूबेकच्या शिखर परिषदेत याच देशांच्या प्रमुखांनी आयोगाला आणि न्यायालयाला पुरेसा पैसा देऊ असं लिहून दिलं होतं. पंधरा वर्षं तो कागद कागदच राहिला.

२०११ मध्ये तर उलटंच घडलं. ब्राझीलच्या शिंगू नदीवर बेलो मोंते धरण होत होतं. तिथल्या आदिवासींशी नीट सल्लामसलत होईपर्यंत काम थांबवा, असं आयोगाने १ एप्रिलला सांगितलं. ब्राझील भडकला. त्याने ओएएसमधला आपला राजदूत माघारी बोलावला, आयोगाच्या निवडणुकीतला आपला उमेदवार मागे घेतला आणि वर्गणी रोखली. जुलैअखेर आयोगाने आपला आदेश सौम्य केला. या दोहोंचा संबंध होता की नव्हता हे ज्याने त्याने ठरवावं. संबंध आहे असं बाकीच्या ३४ देशांना वाटलं असेल तर तेवढं पुरेसं होतं.

मग 'आयोगाचं बळकटीकरण' या गोंडस नावाखाली दोन वर्षं वाद चालला. इक्वाडोरचं म्हणणं होतं की आयोग युरोपच्या आणि अमेरिकेच्या पैशावर चालतो, त्यामुळे त्याची निष्ठा तिकडे आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विभाग बाहेरच्या देणग्यांमुळे गब्बर झाला आणि बाकीचे विभाग कोरडे राहिले, ही त्यांची खास तक्रार. परकी देणगी या विषयावरची आपल्याकडची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, एफसीआरएची (परकी देणग्यांवरच्या कायद्याची) कागदपत्रं ज्यांनी भरली आहेत, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. गंमत अशी, की तक्रारीत तथ्य होतं. देणगीदार 'अमुक विषयासाठीच' म्हणून पैसे देतो तेव्हा कुठल्या अन्यायाकडे आधी बघायचं हे थोडंफार तोच ठरवतो. पण मग सदस्य देशांनी स्वतः पैसे टाकून ती उणीव भरून काढायला हवी होती. मार्च २०१३ मध्ये वाद मिटला तो असा: आयोगाचा खर्च पूर्णपणे नियमित निधीतून भागावा हे ध्येय मान्य, तोवर देणग्या चालतील, शक्यतो हेतूची अट न घालता. ध्येय मान्य झालं, तरतूद वाढली नाही.

इकडे काम मात्र वाढत होतं. दरवर्षी दोन हजारांवर नव्या याचिका येत होत्या. तक्रार आल्यावर ती पुढे घ्यायची की नाही हे ठरवायलाच वर्षं लागत. तुटपुंज्या पैशाचं पाप असं असतं. ते एका दिवशी दिसत नाही, रांगेच्या लांबीत दिसतं.

समोर कोणते रस्ते होते

हे मी बाहेरून मांडते आहे, शिबिरात जसं मांडते तसं. मे २०१६ मध्ये आयोगाच्या जागी तुम्ही असता तर?

पहिला रस्ता गुपचूप काटकसरीचा. दहा-बारा करार संपू द्यायचे, एखादं सत्र छोटं करायचं, देशभेटी पुढे ढकलायच्या, कुणाला सांगायचं नाही. संस्थांची ही पहिली ओढ असते, कारण 'आपल्याकडे पैसे नाहीत' म्हणण्यात लाज वाटते. आयोगाने आधीची कित्येक वर्षं कमीअधिक हेच केलं होतं.

दुसरा, पुन्हा युरोपच्या दारात जाणं. वेळेच्या दृष्टीने बरा, पण इक्वाडोरच्या आरोपाला आयतं खतपाणी.

तिसरा, सदस्य देशांच्या राजदूतांना एकेकट्याने भेटणं. यात धोका उघड आहे. ज्या सरकारविरुद्ध तुमच्याकडे पन्नास प्रकरणं पडून आहेत, त्याच्या राजदूताच्या समोर बसून तुम्ही चेक मागताय. तो काही बोलणार नाही. चहा देईल. पण दोघांनाही कळतं. महिन्याभरापूर्वीच मेक्सिकोत आयोगाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांच्या गटाने आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातल्या ४३ बेपत्ता विद्यार्थ्यांवरचा दुसरा अहवाल देऊन सरकारच्या कहाणीची चिरफाड केली होती. त्या गटाचा खर्च मेक्सिकोच्याच सरकारने उचलला होता आणि मुदत वाढवून द्यायला त्याच सरकारने नकार दिला होता. पैसे देणारा आणि ज्याची चौकशी व्हायची तो एकच असला की काय होतं, याचं ताजं उदाहरण डोळ्यांसमोर होतं.

चौथा, थेट जनतेकडून देणग्या. शिबिरात तरुण मंडळी हाच पर्याय उचलतात. मी त्यांना विचारते, समजा एक लाख लोकांनी दहा-दहा डॉलर दिले. दहा लाख डॉलर झाले. यंदा भागलं. पुढच्या वर्षी? आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट: आंतरराष्ट्रीय कराराने उभ्या राहिलेल्या संस्थेचा खर्च नागरिकांनी वर्गणी काढून भागवला, तर सरकारं आनंदाने हात झटकतील. शाळेचं छप्पर पालकांनी घातलं की जिल्हा परिषद पुढच्या वर्षी भिंतही त्यांच्याच गळ्यात मारते, तसं.

पाचवा, सगळं चव्हाट्यावर मांडणं. आकडा, तारीख, काय बंद पडणार त्याची यादी. आयोगाने हा निवडला.

काय केलं गेलं

पहिली गोष्ट तारखेची. पत्रक २३ मेला निघालं. ओएएसची वार्षिक महासभा सांतो दोमिंगोत १३ जूनला सुरू होणार होती, म्हणजे तीन आठवडे हातात. करार संपायला दहा आठवडे. आधी सांगितलं असतं तर विसरले असते, महासभेनंतर सांगितलं असतं तर 'पुढच्या वर्षी बघू' झालं असतं. परराष्ट्रमंत्री एका सभागृहात जमणार असताना, त्यांच्या देशातले पत्रकार त्यांना विचारतील इतक्या आधी, पण विषय शिळा होणार नाही इतक्या उशिरा. हे आयोगाने ठरवून केलं असो वा नसो, तारीख अचूक पडली.

दुसरी गोष्ट भाषेची. पत्रकात युरोपवर खापर फोडलेलं नाही. ही तात्पुरती अडचण नसून रचनेतला दोष आहे, असं सरळ म्हटलं होतं. तातडीची मदत मागताना लोक नेमकं इथे चुकतात. 'यंदा जरा ओढाताण आहे' म्हटलं की समोरचा यंदापुरतं देतो.

तिसरी गोष्ट वादाची आहे, आणि शिबिरात इथे भांडणं होतात. सत्रं आधी का थांबवली? सत्र थांबणं म्हणजे सुनावण्या थांबणं. वर्षभर वाट पाहिलेल्या आईचा तो एक तास गेला. आयोगाची अडचण दाखवायला तिचा तास का वापरायचा? एका शिबिरात एक मुख्याध्यापक ताडकन म्हणाले, "पगार थकला म्हणून आम्ही परीक्षा रद्द केली तर चालेल का?" चालणार नाही. पण मुख्याध्यापकांनाही मान्य करावं लागलं, की परीक्षा रद्द झाल्याशिवाय त्यांच्या थकलेल्या पगाराची बातमी कधी आली नव्हती. माझं मत: सत्र थांबवणं टाळता येण्यासारखं नव्हतं, कारण विमानभाडी, दुभाषे, निवास हा रोख खर्च असतो आणि रोखच नव्हती. पण स्थगितीची झळ सोसणाऱ्यांशी आधी बोलून, त्यांनाच सोबत घेऊन ती जाहीर करता आली असती.

सगळंच थांबलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. जूनमधलं सत्र चिली सरकारच्या निमंत्रणावरून सँतियागोला पार पडलं. यजमान देश बोलावतो तेव्हा खर्चाचा भारही उचलतो. बदल्यात प्रघात असा, की त्या सत्रात यजमान देशाविषयी सुनावणी घ्यायची नाही. प्रघात शहाणपणाचा आहे. पण चणचणीच्या काळात सगळी सत्रं पाहुणचारावरच चालू लागली, तर बोलावणाऱ्याला सवलत मिळते असा अर्थ निघू शकतो.

आता लोकांच्या पाठिंब्याविषयी, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. पत्रक निघाल्यावर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत संस्था, पीडितांच्या कुटुंबीयांचे गट, विद्यापीठांतले कायद्याचे विभाग यांनी निवेदनं काढली, सह्या जमवल्या, आपापल्या परराष्ट्र खात्यांना पत्रं लिहिली. या सह्यांनी एकाही वकिलाचा पगार झाला नाही. पगार करण्याची ताकद सहीत नसतेच. सहीने एवढंच केलं की गप्प राहण्याची किंमत वाढवली. मे महिन्यापर्यंत आयोगाला पैसे न देणं ही अंदाजपत्रकातली एक अदृश्य ओळ होती, तिच्यासाठी कुठल्या मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं. जूनमध्ये द्यावं लागायला लागलं. 'तुम्ही आयोग बंद पाडताय का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायची कुणाचीच तयारी नव्हती, मनातून कितीही वाटत असलं तरी.

याच धामधुमीत सचिवालयाचे प्रमुख असलेल्या कार्यकारी सचिवांची मुदत ऑगस्टच्या मध्यावर संपली आणि नवे सचिव आले. संकटाच्या ऐन मध्यावर कप्तान बदलणं कुठल्याही संस्थेला जड जातं. इथे निभावलं, कारण मागणी एका माणसाच्या तोंडी नव्हती, कागदावर होती आणि सगळे आयुक्त तीच बोलत होते.

काय निष्पन्न झालं

काही सदस्य देशांकडून आणि देणगीदारांकडून पैसे आले. कर्मचारी कपात टळली. ३० सप्टेंबर २०१६ रोजी आयोगाने जाहीर केलं की तीव्र आर्थिक संकट ओलांडलं आहे, आणि मदत करणाऱ्यांचे आभार मानले. रखडलेलं १५९ वं सत्र नोव्हेंबरच्या शेवटी पनामा सिटीत भरलं.

मला विचाराल तर खरा निकाल त्यानंतर नऊ महिन्यांनी लागला. जून २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या कॅन्कुनला महासभा झाली. तिथे आयोग आणि न्यायालय या दोघांची नियमित निधीतली तरतूद तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने दुप्पट करायचा ठराव झाला, २०१८ ते २०२०. क्यूबेकचं २००१ चं वचन सोळा वर्षांनी, अर्धंमुर्धं का होईना, ताळेबंदात उतरलं. दुप्पट म्हणजे माणशी अर्ध्याचा एक सेंट, तेव्हा हुरळून जाण्यासारखं नाही. पण पायाच वाढला आणि तो दरवर्षी देणगीदाराच्या मर्जीवर राहिला नाही. साचलेल्या याचिका निकाली काढायची खास मोहीम आयोगाला याच काळात हाती घेता आली.

आकडा वाढला म्हणून दोरी सुटली, असं मात्र झालं नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेने ओएएसच्या वर्गणीतून २,१०,००० डॉलर कापण्याचं जाहीर केलं. ओएएसचं एक अंग गर्भपाताचा पुरस्कार करतं, हा आक्षेप. रक्कम किरकोळ होती, इशारा तेवढा किरकोळ नव्हता. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिना, ब्राझील, चिली, कोलंबिया आणि पॅराग्वे या पाच सरकारांनी मिळून आयोगाला पत्र पाठवलं, की देशांना आपापलं बघू द्या, तुम्ही मर्यादेत राहा. या पाचांपैकी अर्जेंटिनातच एकेकाळी ती रांग लागली होती.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर, पाच वर्षं आधी बोलता आलं असतं. २०११ मध्ये ब्राझीलने वर्गणी रोखली तेव्हा सगळ्या खंडाचं लक्ष तिकडे होतं. त्याच वेळी 'आमचं पोट कुणाच्या हातात आहे' हा प्रश्न मांडला असता तर तो पैशाचा न राहता स्वातंत्र्याचा ठरला असता. आयोग तेव्हा बचावाच्या पवित्र्यात होता, आपले अधिकार शाबूत ठेवायच्या खटपटीत, हे समजू शकतं. पण २०१३ च्या ठरावात 'पूर्ण निधी' हे शब्द आले असताना त्यांना वर्षाची आणि टक्क्याची खुंटी मारून घ्यायला हवी होती. खुंटी नसली की ठराव वाऱ्यावर हलत राहतो. कॅन्कुनला ती मारली गेली, म्हणून तो ठराव टिकला.

दुसरं, ३० सप्टेंबरचं पत्रक. 'संकट ओलांडलं' हे शीर्षक मला आजही खटकतं. आभार मानणं आलंच, देणाऱ्याला ते हवं असतं. पण सह्या करणाऱ्या हजारो लोकांनी शीर्षक वाचलं आणि निःश्वास टाकून ते आपापल्या कामाला लागले. मूळ दुखणं कायम आहे हे खालच्या परिच्छेदात गेलं. कॅन्कुनपर्यंत आयोगाने आणि मोजक्या संस्थांनी तगादा लावून ठेवला म्हणून बरं. हाच पाठिंबा नावानिशी नोंदून ठेवला असता, दर तिमाहीला त्यांना चार ओळींचा हिशेब पाठवला असता (इतके करार वाढले, इतक्या याचिका अजून पडून आहेत, तुमच्या देशाने इतके दिले), तर पुढच्या खेपेला शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती. शिबिरात मी विश्वस्तांकडून हे चार ओळींचं पत्र प्रत्यक्ष लिहून घेते. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या पत्रात आभार तीन ओळी असतात आणि आकडा एकही नसतो.

तिसरं सगळ्यात अवघड. २०१६ ची सगळी ओरड पैशावर होती. नेमणुकीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हा प्रश्न त्या गर्दीत कुणी लावून धरला नाही. आयोगाच्या कार्यकारी सचिवाची नेमणूक आयोगाशी सल्लामसलत करून ओएएसचे सरचिटणीस करतात, असं नियम सांगतो. आयोगाने निवडायचं आणि सरचिटणिसांनी सही करायची अशी वहिवाट पडली होती. पण वहिवाट म्हणजे सातबारा नव्हे. लोक जागे होते, परराष्ट्रमंत्री कोंडीत होते, तेव्हाच तो नियम बदलून मागता आला असता.

तरतूदवाढीचा तिसरा आणि शेवटचा टप्पा २०२० चा होता. त्या वर्षी जानेवारीत सातही आयुक्तांनी एकमताने आपल्या कार्यकारी सचिवांना दुसरी मुदत द्यायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये मुदत संपताना सरचिटणिसांनी कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचं कारण देत सही करायला नकार दिला. नियम त्यांच्या बाजूने होता. नव्या कार्यकारी सचिव रुजू झाल्या त्या जून २०२१ मध्ये.